जेबेल अलीतून रोबॉटचा होलसेल धंदा: लायसन्सच्या आधी गिऱ्हाईक ठरवा

दुबईत कंपनी काढायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठला फ्री झोन (टॅक्स-ड्युटीच्या सवलतीचा वेगळा विभाग) स्वस्त पडतो. मोबाईल कव्हर विकायचे असतील तर ठीक आहे, पण इंडस्ट्रियल रोबॉटच्या धंद्यात हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरवर येतो. आधी ठरवायचं की माल घेणार कोण, कारण लायसन्सवर काय लिहायचं, टॅक्स शून्य लागणार की ९ टक्के, स्टॉक किती ठेवायचा, स्वतःचा इंजिनियर लागेल का, हे सगळं त्या एका उत्तरावरून ठरतं आणि मागाहून बदलायला गेलात की खिसा रिकामा होतो.

रोबॉट घेणारे दोन प्रकारचे असतात. एक फॅक्टरीवाला, ज्याला पाण्याच्या बाटल्यांचे खोके पॅलेटवर रचायचेत किंवा गेटच्या फ्रेम वेल्ड करायच्यात, म्हणजे त्याला रोबॉट नकोच असतो खरं तर, त्याला काम झालेलं हवं असतं. दुसरा सिस्टिम इंटिग्रेटर, जो आर्म आणि कंट्रोलर घेतो, त्याला ग्रिपर (पकडणारा पंजा), कन्व्हेयर, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोल कॉम्प्युटर), सेफ्टी स्कॅनर, जाळीचं कुंपण जोडतो, प्रोग्रॅम लिहितो आणि अख्खा सेल, म्हणजे कामाला तयार असा पूर्ण संच, फॅक्टरीला विकतो. अख्ख्या प्रोजेक्टच्या खर्चात नुसता रोबॉट साधारण एक तृतीयांश असतो असा धंद्यातला ठोकताळा आहे, बाकीचे दोन भाग इंटिग्रेटरचं काम. होलसेल म्हणजे या इंटिग्रेटरला आणि दुसऱ्या डीलरला माल देणं. फॅक्टरीला थेट विकण्यात मार्जिन जास्त दिसतं म्हणून जीभ चाळवते, पण त्याबरोबर जी जबाबदारी येते ती होलसेलरच्या अंगावर घ्यायची नसते.

का ते सांगतो. नुसता रोबॉट कायद्याच्या नजरेत पुरं मशीन नाहीच, युरोपच्या मशिनरीच्या नियमात त्याला अर्धवट पूर्ण झालेलं यंत्र असंच म्हणतात. सेफ्टीचं आयएसओ १०२१८ स्टँडर्ड त्यामुळे दोन भागांत आहे, पहिला भाग रोबॉट बनवणाऱ्यासाठी, दुसरा तो बसवणाऱ्यासाठी, आणि दोन्हींच्या नव्या आवृत्त्या २०२५ मध्ये आल्यात. तुम्ही फॅक्टरीत जाऊन रोबॉट बोल्ट केलात, ग्रिपर लावून दिलात, की तुम्ही दुसऱ्या भागात आलात, मग कुंपणाचं दार उघडल्यावर रोबॉट का थांबला नाही याचं उत्तर तुम्हाला द्यायचंय.

आता टॅक्स. इथे जरा सावकाश वाचा कारण कंपनी काढून देणारे एजंट लोक हे सांगत नाहीत, ते फक्त "झिरो टॅक्स" एवढंच म्हणतात आणि चेक घेतात.

यूएईमध्ये १ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना कॉर्पोरेट टॅक्स लागू झाला, ३,७५,००० दिरहॅमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के. फ्री झोनमधल्या कंपनीला शून्य टक्के मिळू शकतो पण तो फक्त ठरावीक प्रकारच्या उत्पन्नावर, आणि आपल्या कामाचं कलम आहे ते डेझिग्नेटेड झोनमधून मालाचं वितरण. त्यात अट अशी की गिऱ्हाईक तो माल पुढे विकणारा हवा, किंवा त्यावर प्रक्रिया करून, बदल करून विकणारा हवा. इंटिग्रेटर यात चपखल बसतो, तो रोबॉट घेऊन सेल बनवून विकतो. स्वतःच्या शेडमध्ये रोबॉट वापरणारा बाटलीवाला यात बसत नाही. म्हणजे त्याच गोडाऊनमधून तोच रोबॉट तुम्ही दोघांना विकलात तरी एक बिल शून्यात आणि दुसरं बिल भलत्या खात्यात, म्हणजे शून्य टक्क्यात न बसणाऱ्या उत्पन्नात.

भलत्या खात्याला थोडी सूट आहे, एकूण उलाढालीच्या ५ टक्के किंवा ५० लाख दिरहॅम, यातलं जे कमी असेल तेवढं चालतं. हिशोब करून बघा, वर्षाची उलाढाल ४० लाख दिरहॅम असेल तर सूट फक्त २ लाख. एखादा मोठा पॅलेटायझिंग रोबॉट फॅक्टरीला थेट दिलात की एका बिलात ती संपू शकते. आणि मर्यादा ओलांडली तर फक्त तेवढ्या बिलावर टॅक्स लागतो असं नाही हो, त्या वर्षाचा आणि पुढच्या चार वर्षांचा फ्री झोनचा फायदा जातो. शिवाय ऑडिट केलेले हिशोब लागतात, झोनमध्ये खरंखुरं ऑफिस, माणसं आणि खर्च दिसावा लागतो. ३० लाख दिरहॅमच्या आतल्या छोट्या धंद्यांना जी सवलत आहे, ती हा शून्य टक्केवाला दर्जा घेणाऱ्याला मिळत नाही, दोन्ही लाडू एका हातात नाहीत.

म्हणून होलसेलची फ्री झोन कंपनी वेगळी आणि कमिशनिंग, सर्व्हिस, ट्रेनिंग करायचंच असेल तर त्यासाठी मेनलँडवर (फ्री झोनच्या बाहेरच्या यूएईत) वेगळी छोटी कंपनी, असं सुरुवातीलाच ठरवून टाका. गिऱ्हाइकाकडून प्रत्येक परचेस ऑर्डरवर एक ओळ लिहून घ्यायची की हा माल पुढे विक्रीसाठी किंवा विकायच्या यंत्रात बसवण्यासाठी घेतोय, आणि त्याच्या ट्रेड लायसन्सची कॉपी फाईलला लावायची. इंटिग्रेटर हसत हसत लिहून देतो, फॅक्टरीवाला विचारतो कशाला, तिथेच तुम्हाला कळतं समोर कोण बसलाय.

झोन कुठला

आता स्वस्त-महागाकडे या. डेझिग्नेटेड झोन म्हणजे व्हॅटसाठी ज्या जागेला मालाच्या बाबतीत देशाबाहेरची जागा समजतात ती, कुंपण असलेली, कस्टम्सच्या नजरेखालची. सगळे फ्री झोन या यादीत नाहीत, आणि जे झोन जाहिरातीत सगळ्यात स्वस्त दिसतात त्यातले बरेच ऑफिस बिल्डिंगमधले असतात, तिथे लायसन्सवर जनरल ट्रेडिंग छापून मिळेल पण एक टनाचा क्रेट उतरवायला जागा नाही. यादी फेडरल टॅक्स ऑथॉरिटीच्या वेबसाइटवर आहे, पैसे भरायच्या आधी स्वतः उघडून बघा, एजंटच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

माझं मत जेबेल अली. तिथला फ्री झोन, जाफ्झा, १९८५ साली सुरू झाला, बंदराला लागूनच आहे, अल मक्तूम एअरपोर्ट शेजारी, आणि हेवी माल हाताळणारे क्रेनवाले, क्रेटवाले, क्लिअरिंगवाले सगळे आसपास मिळतात. भाडं जास्त आहे हे खरंच. शारजाचा हमरिया, अबू धाबीचा केझाड, रास अल खैमाचा राकेझ हे पर्याय आहेत, भाडं हलकं पडतं, पण तुमचे इंटिग्रेटर मित्र दुबई-शारजातले असतील आणि त्यांना रोबॉट डोळ्यांनी बघून घ्यायची सवय असेल (असतेच) तर राकेझपर्यंत कोणी येत नाही.

सुरुवातीला स्वतःचं वेअरहाऊस घ्यायची घाई नको. झोनमध्येच थर्ड पार्टी लॉजिस्टिक्सवाले आहेत, पॅलेट पोझिशनच्या हिशोबाने भाडं घेतात. ऑफिस स्वतःचं छोटं, माल त्यांच्याकडे. पण करार स्वतःच्या नावावर हवा आणि त्यात तापमान किती राखणार ते लिहून घ्या, का ते खाली येतंय.

कागदपत्रं

हा भाग लोकांना कठीण वाटतो, खरं तर हाच सगळ्यात सरळ आहे. एकटा मालक असेल तर कंपनीचा प्रकार एफझेडई, दोन किंवा जास्त असतील तर एफझेडसीओ. नावाची मंजुरी, प्राथमिक मंजुरी, मग जागेचा करार, मग लायसन्स, मग एस्टॅब्लिशमेंट कार्ड (व्हिसा काढण्यासाठी कंपनीचं कार्ड), मग व्हिसा, मेडिकल, एमिरेट्स आयडी. लायसन्स ट्रेडिंगचं घ्यायचं आणि ॲक्टिव्हिटीमध्ये औद्योगिक यंत्रं आणि सुटे भाग, ऑटोमेशनचं सामान असं नेमकं लिहून घ्यायचं. जनरल ट्रेडिंग घ्या सगळं चालतं असं सांगणारे भेटतील, पण त्याची फी बरीच जास्त आणि बँकवाला जनरल ट्रेडिंग बघून दहा प्रश्न जास्त विचारतो. व्हिसा किती मिळणार ते जागेच्या आकारावर, म्हणून कोटेशन घेताना लायसन्स, भाडं, व्हिसा, कार्ड, दुसऱ्या वर्षाचं रिन्यूअल सगळं एका कागदावर लेखी मागा. रिन्यूअलचा आकडा विचारल्यावर जो एजंट विषय बदलतो त्याला सोडून द्या.

भारतातली कंपनी शेअरहोल्डर होणार असेल तर बोर्ड रिझोल्युशन वगैरे कागद भारतात नोटरी, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई दूतावास असे अटेस्ट करून न्यावे लागतात, त्याला वेळ धरा.

लायसन्स हातात आल्यावर दुबई कस्टम्सचा इम्पोर्टर कोड काढायचा, तो लायसन्सशी जोडलेला असतो. व्हॅटचं रजिस्ट्रेशन ३,७५,००० दिरहॅमच्या उलाढालीवर सक्तीचं, १,८७,५०० वर ऐच्छिक. आणि कॉर्पोरेट टॅक्सचं रजिस्ट्रेशन टॅक्स शून्य असला तरी करायचंच, मुदत चुकली की दंड.

बँक अकाऊंट हे खरं दुखणं. लायसन्स आठवड्यात मिळेल, अकाऊंटला कित्येक आठवडे जाऊ शकतात. बँकेला हवं असतं की माल कुठून येणार, कोणाला जाणार, पैसे कुठून आले, खरा मालक कोण. रोबॉट हा शब्द ऐकून कंप्लायन्सवाला कान टवकारतो. तेव्हा सप्लायरचं पत्र, दोन-तीन इंटिग्रेटरच्या चौकश्यांचे ईमेल, आधीच्या कामाचा अनुभव, असं सगळं फोल्डर करून घेऊन जा. मिनिमम बॅलन्स किती ते आधी विचारा, तेवढे पैसे अडकूनच राहणार असं धरा.

पुण्या-मुंबईतून पैसे नेणाऱ्यांसाठी वेगळं. रेसिडेंट माणसाला एलआरएसखाली (बाहेर पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत नेता येतात, पण बाहेरच्या कंपनीत शेअर घेणं हे ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट आहे, त्याचे २०२२ चे नियम वेगळे आहेत, पैसे ऑथोराइज्ड डीलर बँकेतून फॉर्म एफसी भरूनच जायला हवेत. मावसभावाच्या अकाऊंटवरून लायसन्सची फी भरू नका, कितीही सोपं वाटलं तरी. इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) ती कंपनी दाखवायची, नाही दाखवली तर काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांचा दंड बसू शकतो. आणि कंपनी दुबईची पण सगळे निर्णय कोथरूडच्या फ्लॅटमधून, असं असेल तर धंदा मोठा झाल्यावर भारताचं इन्कम टॅक्स खातं ती कंपनी भारतातलीच धरू शकतं, सीएला आधीच विचारा.

माल कुणाचा

फानुक, यास्कावा, एबीबी, कूका ही चार मोठी नावं. पिवळा, निळा आणि नारिंगी रंग बघून लांबूनच कळतं लाईनवर फानुक आहे, यास्कावा आहे की कूका. यांची आखाती देशांत स्वतःची ऑफिसं किंवा ठरलेले पार्टनर असतात, नव्या ट्रेडरला नवा रोबॉट होलसेल दराने मिळेल ही आशा धरू नका. शिवाय या कंपन्यांचे सॉफ्टवेअर ऑप्शन आणि वॉरंटी सिरियल नंबरला आणि बऱ्याचदा प्रदेशाला बांधलेली असते, दुसऱ्या देशातून ग्रे मार्केटमध्ये आणलेला रोबॉट चालतो खरा, पण पहिला प्रॉब्लेम आला की लोकल ऑफिस हात वर करतं आणि इंटिग्रेटर तुमच्या दारात. अजून एक, त्या ब्रँडचा यूएईमध्ये रजिस्टर्ड कमर्शियल एजंट आहे का हे आधी तपासा, असेल तर तो तुमचा माल मेनलँडमध्ये शिरताना अडवू शकतो.

मग उरतं काय? बरंच. आंतरराष्ट्रीय रोबॉटिक्स फेडरेशनच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये जगात साधारण ५,४२,००० रोबॉट बसले आणि त्यातले २,९५,००० एकट्या चीनमध्ये, म्हणजे ५४ टक्के. त्याच वर्षी चीनच्या बाजारात चिनी कंपन्यांनी पहिल्यांदाच परदेशी कंपन्यांपेक्षा जास्त रोबॉट विकले. तिथे किमतीची मारामारी चाललीय, त्यामुळे नानजिंगची एस्टन, वूहूची इफोर्ट आणि कोबॉट (माणसाशेजारी काम करणारे रोबॉट) बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या बाहेरच्या देशांत डिस्ट्रिब्युटर शोधतायत. नव्या माणसाला शिरायला ही फट आहे. कूका तर २०१७ पासून मिडिया (Midea) या चिनी कंपनीच्याच ताब्यात आहे, तेव्हा "चिनी म्हणजे भंगार" हे बोलणं इंटिग्रेटर लोकांनी केव्हाच सोडलंय, ते आता विचारतात स्पेअर दुबईत ठेवणार का.

आणि हाच प्रश्न सप्लायरशी करार करताना टेबलावर ठेवायचा. किंमत दोन टक्के कमी करून घेण्यापेक्षा हे मागा: टीच पेंडंट (रोबॉट चालवायचा-शिकवायचा हातातला रिमोट), सर्व्हो ड्राइव्ह, केबल हार्नेस, रिड्यूसर (सांध्यातला गिअर) यांचा एक सेट कन्साइनमेंटवर (विकल्यावर पैसे), इंग्रजी मॅन्युअल आणि फर्मवेअर, तुमच्या इंजिनियरचं त्यांच्या फॅक्टरीत ट्रेनिंग, आणि वॉरंटीचा पार्ट किती दिवसांत निघणार ते लेखी. एक्सक्लुझिव्ह हक्क मागितलात तर ते वर्षाचं टार्गेट मागतील, पहिल्या वर्षी एक्सक्लुझिव्हच्या मागे लागू नका.

सेकंडहँड रोबॉट हा दुसरा रस्ता. युरोपातल्या कार फॅक्टरीची लाईन बदलली की शेकडो रोबॉट एकदम बाहेर पडतात. किंमत मोहात पाडते, पण कंट्रोलर कुठल्या पिढीचा आहे ते बघा, कूकाचा केआर सी टू कंट्रोलर विंडोज एक्सपीच्या जमान्यातला आहे, त्याचा माणूस आणि पार्ट दोन्ही शोधावे लागतात. चालू स्थितीतला व्हिडिओ, किती तास चालला त्याचा स्क्रीनवरचा फोटो, सहाही ॲक्सिसचा (सांध्यांचा) बॅकलॅश म्हणजे ढिलेपणा, हे बघितल्याशिवाय ॲडव्हान्स नाही.

क्रेट उतरल्यावर

कस्टम्सच्या एचएस कोडमध्ये (मालाच्या वर्गीकरणाचा नंबर) गंमत आहे. रोबॉट म्हणजे ८४७९.५० असं सगळे घोकतात, पण २०२२ च्या एचएस बदलात उचल-ठेव करणाऱ्या रोबॉटसाठी ८४२८.७० असा वेगळा कोड आला. वेल्डिंगसाठी बनवलेला पूर्ण सेट असेल तर ८५१५ कडे जातो, पेंट फवारणारा ८४२४ कडे. सप्लायरच्या इनव्हॉइसवर एक कोड आणि तुमच्या बिल ऑफ एन्ट्रीवर दुसरा असं झालं की माल पडून राहतो, म्हणून ऑर्डर देतानाच क्लिअरिंग एजंटशी बोलून कोड पक्का करून सप्लायरला कळवायचा. झोनमध्ये माल आला की ड्युटी लागत नाही, मेनलँडमध्ये गेला की सीआयएफवर (किंमत, विमा आणि जहाजभाडं मिळून) ५ टक्के. गिऱ्हाईक इंडस्ट्रियल लायसन्सवालं असेल तर त्याला मशिनरीवरच्या ड्युटीची माफी मिळू शकते, तो अर्ज त्याने करायचा असतो.

लाकडी क्रेटवर आयएसपीएम-१५ चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा) शिक्का आहे का, टिल्ट आणि शॉकचे स्टिकर लाल झालेत का, हे फोर्कलिफ्ट यायच्या आधी फोटो काढून ठेवायचं. २५ किलो उचलणारा मधला रोबॉट स्वतः अडीचशे किलोचा असतो, १६५ किलो उचलणारा टनाच्या वर जातो, आणि त्याला उचलायचे काटे कुठे घालायचे ते ठरलेलं असतं, बेसखाली भलतीकडे काटा घातला की केबलचा कनेक्टर गेला.

आता ते तापमानाचं. कंट्रोलर साधारण ४५ अंशांपर्यंत चालवायचा असतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं ते वेगळं सांगायला नको. आतलं ग्रीस, सील, बॅटऱ्या सगळ्यांवर परिणाम. बॅटरीचं जरा नीट सांगतो कारण होलसेलरचं नुकसान इथे गुपचूप होतं. फानुकसारख्या रोबॉटच्या बेसमध्ये एक छोटं झाकण असतं, ते उघडलं की आत डी साइझचे चार सेल दिसतात. वीज बंद असताना प्रत्येक सांधा कुठल्या कोनात उभा आहे हे एन्कोडरला या सेलवर आठवत असतं. क्रेट वर्षभर गोडाऊनमध्ये पडला, सेल संपले, गिऱ्हाइकाने रोबॉट लावून स्विच टाकला की पेंडंटवर एसआरव्हीओ-०६२ अलार्म येतो आणि रोबॉट हलत नाही. बिघडलेला नसतो तो, फक्त शून्य कुठे होतं हे विसरलेला असतो, मग खुणेच्या रेषा जुळवून मास्टरिंग परत करावं लागतं. पण नवा कोरा माल पहिल्याच दिवशी अलार्म देतोय म्हटल्यावर गिऱ्हाईक पैसे अडकवतं. तेव्हा आलेल्या प्रत्येक क्रेटवर बॅटरीची तारीख मार्करने लिहायची, आणि सेल बदलायचे ते कंट्रोलर चालू ठेवून, बंद ठेवून काढलेत तर जे टाळायला निघालात तेच होणार. यासाठी वेअरहाऊसमध्ये थ्री फेज पॉइंट लागतो, थर्ड पार्टीवाल्याकडे तो मिळतो का आधीच विचारा.

विजेचा अजून एक मुद्दा. जपानी कंट्रोलर बऱ्याचदा २०० व्होल्टच्या हिशोबाचे, यूएईत ४०० व्होल्ट ५० हर्ट्झ, ट्रान्सफॉर्मर आत आहे की बाहेर घ्यायचाय ते कोटेशनमध्ये लिहा. सौदीत फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ आहे, तिकडे जाणाऱ्या मालाची नेमप्लेट बघूनच पाठवा.

विकायचं कुठे

मेनलँड यूएई तर आहेच, तिथे तुमचा इंटिग्रेटर इम्पोर्टर म्हणून माल घेतो, ड्युटी आणि रिव्हर्स चार्जचा (घेणाऱ्याने भरायचा) व्हॅट त्याच्याकडे. सौदी मोठी बाजारपेठ आहे पण त्यांच्या सरकारी साबेर पोर्टलवर कन्फर्मिटीचं (माल स्टँडर्डप्रमाणे असल्याचं) सर्टिफिकेट झाल्याशिवाय माल शिरत नाही, सप्लायरकडून टेस्ट रिपोर्ट आधीच मागून ठेवा. केनिया, इजिप्त, इराक या बाजूला पॅकेजिंग आणि पाण्याच्या प्लांटमधून मागणी येते, तिथे ॲडव्हान्स पूर्ण किंवा कन्फर्म्ड एलसी (बँकेच्या हमीचं पत्र), तिसरा पर्याय नाही.

आपल्याकडच्या लोकांना हमखास सुचणारी आयडिया म्हणजे दुबईतून चाकणला विकू, भारत-यूएई सेपा (दोन देशांतला व्यापार करार) आहे ना, ड्युटी वाचेल. नाही वाचत. १ मे २०२२ पासूनचा तो करार यूएईत बनलेल्या मालाला आहे, जपानचा किंवा चीनचा रोबॉट जेबेल अलीत चार महिने राहिला म्हणून यूएईचा होत नाही. भारतात २०२४ मध्ये ९,१०० च्या आसपास रोबॉट बसले, सगळ्या मोठ्या कंपन्या तिथे स्वतः बसल्यात, कूकाचं तर पुण्यातच ऑफिस आहे, आणि जपानी माल सरळ आला तर भारत-जपान कराराचा फायदा मिळतो जो तुमच्या वळणामुळे धोक्यात येतो. चाकण-भोसरीचा उपयोग उलट्या दिशेने आहे, तिथे वेल्डिंग सेल आणि फिक्श्चर बनवणारे इंटिग्रेटर आणि रोबॉटचं प्रोग्रॅमिंग जाणणारी पोरं आहेत, आखातात सर्व्हिससाठी माणूस हवा असेल तर मी आधी तिकडेच फोन फिरवतो.

कुठे माल द्यायचाच नाही हेही ठरवा. युरोपचा सप्लायर करारात रशियाला पुढे न पाठवण्याचं कलम मागतो, इराणवर अमेरिकेचे निर्बंध आहेत, आणि यूएईचा स्वतःचा दुहेरी वापराच्या मालाचा २०२१ चा कायदा आहे. साधा पॅलेटायझर अशा दुहेरी वापराच्या मालाच्या याद्यांमध्ये येत नाही, तिथे रेडिएशन सोसणारे, दारूगोळ्याच्या वातावरणात चालणारे, ३०,००० मीटर उंचीवर काम करणारे असले रोबॉट आहेत, पण शेवटचा वापरणारा कोण हे न विचारता माल सोडलात तर बँक अकाऊंट बंद करून मोकळी होते, कोर्टापर्यंत जायची गरजच पडत नाही. एंड यूजर डिक्लरेशन प्रत्येक ऑर्डरला घ्या. दुबईतल्याच एखाद्या नव्या ट्रेडिंग कंपनीने भाव न करता रोख देऊन दहा रोबॉट मागितले आणि सर्व्हिसबद्दल एक प्रश्न विचारला नाही, तर तो सौदा सोडायचा.

पैशाचं गणित असं की चीनला साधारण ३० टक्के ऑर्डरबरोबर आणि बाकी जहाजावर चढायच्या आधी, आणि इकडे इंटिग्रेटर मागतो ६० ते ९० दिवसांची उधारी, कारण त्यालाही फॅक्टरी उशिरा देते. मधली दरी तुमच्या खिशातून. दिरहॅम डॉलरला ३.६७२५ वर बांधलाय म्हणून डॉलरमध्ये घेतलं तर डोकेदुखी नाही, येन किंवा युरोत घेतलंत तर कोटेशनवर १५ दिवसांची मुदत टाका. पोस्ट डेटेड चेकची पद्धत अजून आहे, २०२२ पासून चेक बाउन्स झाला तर सहसा फौजदारीऐवजी थेट वसुलीच्या कोर्टात जाता येतं, तरीही नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या दोन ऑर्डर उधारी नाही.

गिऱ्हाईक शोधायला फिरायला लागतं. दुबईत गल्फूड मॅन्युफॅक्चरिंगला पॅकेजिंगवाले इंटिग्रेटर भेटतात, शारजात स्टीलफॅबला वेल्डिंगवाले, स्टॉल न घेता नुसतं फिरलात तरी चालतं. भारतातून डेमोचा रोबॉट आणायचा असेल तर फिक्कीकडून एटीए कार्नेट (तात्पुरत्या आयातीचा कागद) काढून आणता येतो, ड्युटी न भरता, फक्त तो परत न्यायला विसरू नका.

पहिला कंटेनर कसा भरायचा हे बरेच जण विचारतात. मोठे रोबॉट एकही नको, ते ऑर्डर आल्यावरच मागवायचे. १० ते २५ किलोचे सहा-ॲक्सिस दोन-तीन, एक वेल्डिंगचा पोकळ मनगटवाला, एक कोबॉट जो ऑफिसमध्येच मांडून ठेवता येईल, आणि उरलेली जागा स्पेअरने भरा, त्यातही पेंडंट आणि केबल जास्त घ्या, कारण पेंडंट पडतात, केबल फोर्कलिफ्टखाली येतात, आणि लाईन बंद पडलेला माणूस त्या दिवशी भाव करत नाही.